खाली निम्मं

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४. सायंकाळी ७ वा. १० मि.

छापखान्यात. लग्नपत्रिकेचा फर्मा सोडून अक्षरांचे खिळे खणांत परत टाकत होतो. डॉक्टरांचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मिरजेहून उत्तर आले आहे. आक्काला पुढच्या सोमवारी, ता. ११ ला, दुपारी बाराच्या आत तिथल्या इस्पितळात हजर करायचे. खाट बारापर्यंतच राखून ठेवतील. भरती करताना रु. २०० भरायचे.

चिठ्ठीच्या शेवटी दोन वाक्ये. आडवे न्यावे. पाय हलता कामा नये.

म्हणजे एस.टी. नाही. गंजीवरून वैरण उपसताना पडली त्याला महिना होत आला. हाडवैद्याच्या कामट्या बांधून पडून राहिली, त्यातच वेळ गेला. बैलगाडीतून सातारला हाडाचा फोटो काढायला आणली तेव्हा ओठ चावून रक्त काढले होते तिने. खुब्याचे हाड. आत खिळा घालावा लागेल, डॉक्टर म्हणाले. मी दिवसभर खिळेच हाताळतो, तरी तो शब्द ऐकून—

दाजी सरहद्दीवर. रजा मिळत नाही. त्यांची मनीऑर्डर आली आहे, रु. २००. ती इस्पितळाची. तिला हात लावायचा नाही. बाकी सगळे मी बघायचे. आई गेल्यावर माझे सगळे हिनेच बघितले.

मंगळवार, ५ फेब्रु.

जेवणाच्या सुट्टीत स्टँडमागे गेलो. तिथे एक बंद गाडी भाड्याने मिळते. दारावर रंगवले आहे, 'व्ह्यान सर्व्हीस'. व्हॅन हवे. सर्व्हिस ऱ्हस्व. रंगाऱ्याला कोणी सांगितले नसेल.

मालकाला सगळे अण्णा म्हणतात. तोंडात पान. एका दमात बोलले, "मिर्ज व्हय? भरून एकशेवीस. खाली निम्मं. डायवरचा भत्ता धा. मुक्काम पडला तर पंचवीस. बाराच्या म्होरं खोळंबा तासाला पाच. जकात-बिकात तुमची. इसार वीस टाका, गाडी तुमची. न्हाई नेली तर इसार आमचा."

मी 'हो, हो' म्हणालो. मागे दोन गिऱ्हाइके उभी होती. विचारायची लाज वाटली. वीस दिले.

संध्याकाळी खोलीवर एकेक शब्द आठवून कागदावर घेतला. भत्ता म्हणजे ड्रायव्हरच्या जेवणाचे. मुक्काम म्हणजे रात्र बाहेर पडली तर. खोळंबा, आपल्यामुळे गाडी उभी राहिली तर. इसार हा पक्के केल्याचा. आपण फिरलो तर बुडाला. 'भरून एकशेवीस' म्हणजे एकशेवीस भरायचे, एवढेच असावे. पण खाली निम्मं. बराच वेळ विचार केला. सातारहून मिरज खाली. सगळे तसेच म्हणतात, वर पुण्याला, खाली मिरजेला. खाली जाताना उतार, डिझेल कमी, म्हणून निम्मे. वर येताना पुरे. आपल्याला एकच बाजू जायचे आहे. म्हणजे साठ.

साठांतले वीस दिले. राहिले चाळीस, भत्ता दहा. जमेल. पुन्हा मांडून पाहिले, तेवढेच येते.

बुधवार, ६ फेब्रु.

छापखान्यातून दोन तास मागून वडूथला गेलो. आक्का सोप्यात पडून. उशाशी तांब्या, पायाशी विटा, पाय हलू नये म्हणून. गाडी ठरली म्हणून सांगितले, भावही सांगितला.

"खाली निम्मं म्हंजी काय रं वशा? कमरंपतूरच नेनार व्हय मला?"

उताराचे समजावून सांगितले.

"आन वर येताना पुरं? मग खालीच ऱ्हाते बया मी. मिरजंत तानपुरं इकीत बसते."

हसली आणि हसल्याने कळ आली. तिच्या सासूबाई, आत्याबाई, म्हणाल्या, "गोठ्याचं दार काढून देते. त्येच्यावर गादी घालून निजवा. पर दार माघारी आनायचं, म्हशीला वारं लागतं."

परतताना पूल ओलांडेपर्यंत तिचे हसणे आठवत होते. असे अर्धवट थांबलेले.

गुरुवार, ७ फेब्रु.

छापखान्याच्या मालकांकडून उचल घेतली, रु. ५०. चष्म्यावरून पाहिले फक्त. आज 'निमंत्रण'चा ण उलटा बसवला. प्रूफात सापडला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

माझे साठवलेले ४५ होते. त्यातून इसार गेला. हातात ७५. दाजींचे २०० सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून खिसा शिवून टाकला.

झोप नीट नाही. डोळा लागला की खिळ्यांचे खण सांडतात.

शनिवार, ९ फेब्रु.

वेळ पक्की करायला गेलो. अण्णा नव्हते. ड्रायव्हर गाडी धूत होता. हणमंता नाव. चाळिशीचा, बादली लाथेने सरकवत बोलणारा.

"तुमी छापखान्यातलं न्हवं? आवं छापखाना, ह्या दारावरचं बराबर हाय का बगा की."

मी सांगितले, दोन चुका आहेत. तो म्हणाला, "असूंद्या. दोन चुका असून सा वर्सं पळतीया."

सोमवारी पहाटे पाचला येईन म्हणाला. "खाली येतो वडूथला. तितनं भरून निगू."

वडूथ नदीकाठी, खालीच आहे. माझा अर्थ बरोबर होता. जरा बरे वाटले.

सोमवार, ११ फेब्रु. मिरज. इस्पितळाच्या व्हरांड्यात, दुपारी साडेचार

क्रमाने लिहितो.

पाच वीसला गाडी आली. दार, त्यावर गादी, गादीवर आक्का. चौघांनी उचलली. आत्याबाई गाडीमागे वेशीपर्यंत चालत आल्या, दाराची आठवण केली, मग तोंडाला पदर लावला.

उंब्रजच्या पुढे उसाच्या गाड्यांची रांग. बैल आपल्या चालीने. गाडी चालायची आणि थांबायची, प्रत्येक धक्क्याला आक्का हणमंताच्या एकेका पूर्वजाला नावाने हाक मारत होती. तो पुढून म्हणे, "आजा झाला, आता पनजा येऊंद्या." मी दोन्ही हातांनी तिचा पाय धरून बसलो होतो. कराडच्या पुढे ती बोलायचीच थांबली. ते जास्त वाईट.

आष्ट्याला चहाला थांबलो. पावणेदहा. तिला दूध पाजले. हणमंता बशी पुसून म्हणाला, "छापखाना, पैशाचं आताच बगून घिऊ. तितं गडबड हुती. एकशेवीस भरून, साठ खाली, धा भत्ता. इसार वजा करून एकशेसत्तर."

मी म्हणालो, "साठच ना? खाली निम्मे ठरले आहे."

"व्हय. खाली साठ. पर भरून?"

"आपण खालीच तर चाललो आहोत."

मी हाताने दाखवले, सातारा इथे वर, मिरज इथे खाली. आधी त्याला कळेना. मग कळले. बाकावर बसून हसला, चहावाल्याला बोलावून सांगितले, तोही हसला. "आरं गड्या, खाली म्हंजी मोकळी! रिकामी! मान्सं न्हाईत, माल न्हाई, ती गाडी खाली. तुमास्नी सोडून मी सातारला मोकळाच जानार, त्या फेरीचं निम्मं. ह्यो उताराचा हिशोब कुनी शिकिवला तुमाला?"

कोणी नाही. मीच.

माझ्याकडे त्र्याहत्तर होते. ते सांगितल्यावर त्याचे हसणे गेले. "अण्णाचा हुकूम हाय. गाडी खाली करायच्या आदी पैसं. न्हाईतर माज्या पगारातनं जात्यात." आता खाली म्हणजे रिकामी, हे मला लगेच समजले.

आष्टा ते मिरज डाव्या हाताने शिवलेला खिसा चाचपत होतो. त्यातले काढले तर गाडी फिटते, खाट जाते. सांगलीचा नाका लागला. जकात लागली नाही. मोडलेल्या हाडावर नसते, एवढे हणमंता म्हणाला.

सव्वाअकराला इस्पितळ. त्याने फाटकाशी गाडी उभी केली, इंजीन बंद केले, किल्ली हातात घेऊन बसला. मागचे दार उघडेना. मला म्हणाला, "मी वाईट मानूस न्हाई. पर मलाबी पोरं हायती."

मी पुन्हा खिशाची शिवण चाचपली.

मागून आक्का. सगळे ऐकत होती ती. "हणमंता, खालीचं साठ मागतूस न्हवं?"

"व्हय आक्का."

"मग गाडी खाली झालीया व्हय? मी हितं म्हशीगत पडलीया की अजून! आदी मला उतरीव, गाडी खाली हुंदे, मग खालीचं माग. रिकाम्याचं भाडं भरलेल्या गाडीत मागतूस, लाज वाटंना?"

तो स्टिअरिंगवर डोके ठेवून हसला. मग उतरला, दार उघडले, आणि दोन हमालांना हाका मारून गोठ्याच्या दाराचे एक टोक स्वतः धरले.

खिडकीवर नाव, गाव, वय सांगितले. कारकुनाने 'वडूज' लिहिले. वडूथ, म्हणालो. खोडून नीट केले. दातांनी खिशाची शिवण तोडली. दोनशे भरले. पावणेबारा. खाट मिळाली. बायकांचा वॉर्ड, भिंतीकडची.

बाहेर हणमंता गाडीच्या पायरीवर बसून होता. म्हणाला, "एक वाट हाय. वरचं भाडं मिळालं, गाडी भरून गेली, तर खालीचं तेवडं कमी. मिळतंय का बगा. घरी सोडलेली मान्सं असत्यात हितं, सातारकडची."

मला परक्या माणसाशी बोलता येत नाही. अण्णांना एक शब्द विचारता आला नाही म्हणून हे सगळे झाले. व्हरांड्यात गेलो. पहिल्या बाकापाशी उभा राहून विचारले, आवाज फुटला नाही. एक म्हातारी म्हणाली, "जोरात बोल की लेकरा. कानात सांगतूस का काय?" मग जोरात विचारले. सातारा! सातारकडे कोणी जाणार आहे का? गाडी आहे! प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी. एका नर्सने दटावले. एकजण कराडचा निघाला, पण त्याला आणखी आठ दिवस ठेवणार. कोणीच नाही.

हणमंता म्हणाला, तानपुरे करतात त्या गल्लीत जा. तिथे तिसऱ्या दुकानात एक वृद्ध कारागीर भोपळ्याला घासकागद मारत बसले होते. सातारच्या गायनवर्गाचे दोन तानपुरे तयार होते, रेल्वेने पाठवायला मन धजत नव्हते. मला विचारले, "हादरे बसणार नाहीत कशावरून?"

मी म्हणालो, "आत्ताच बहिणीला त्याच गाडीतून आणले. खुब्याचे हाड मोडले आहे. गादीवर, दारावर आडवे. पोचली."

"बोलली काही वाटेत?"

"ड्रायव्हरला शिव्या दिल्या."

त्यांनी घासकागद खाली ठेवला. "मग शुद्धीवर होती. न्या." चाळीस ठरले. मी ठरवले, मी. भाव स्पष्ट विचारला, आत्ता की पोचल्यावर तेही विचारले. आत्ता.

तीन वाजता आक्काच्या गादीवर दोन तानपुरे निजवले, तिच्याच वाकळेने बांधले. चाळीस हणमंताला दिले, खालीचे आता वीसच. भरूनचे इसार वजा जाता शंभर, भत्ता दहा. मी साठ दिले. सत्तर राहिले. तीन तासांचा खोळंबा हणमंताने धरला नाही. "अण्णाला सांगतो, चाक पंक्चर हुतं."

दार आठवणीने वडूथला पोचवीन म्हणाला.

मंगळवार, १२ फेब्रु.

पायाला वजन बांधले आहे, दोरीने खाटेच्या टोकावरून सोडलेले. व्हरांड्यात झोपलो. थंडी. चहा दोनदा. शेजारच्या खाटेवरची बाई आक्काला विचारत होती, हा मुलगा का भाऊ. आक्का म्हणाली, "दोनीबी."

तानपुऱ्यांचे सांगितले. "म्हंजी माज्या गादीवर आता गानं झोपलंय," म्हणाली. पण डोळे मिटून.

बुधवार, १३ फेब्रु.

मोठे डॉक्टर आले. उशीर झाला आहे, हाड महिनाभर तसेच राहिले. रक्त कमी. भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. सोसली आणि खिळा बसला तर दीड-दोन महिन्यांनी काठी घेऊन चालेल. परवा सकाळी, शुक्रवारी. कागदावर सही मागितली. छापील कागद, त्यात 'जबाबदारी'तला दुसरा ब उडालेला होता. तेवढेच दिसले मला. बाकी काय लिहिले होते ते सही केल्यावर पुन्हा वाचले.

आक्का म्हणाली, "वशा, खोटं बोलू नगंस. काय म्हनला?"

सांगितले. सगळे, आहे तसे.

ती म्हणाली, "आत्याबायला कळवू नगं." आणि थोड्या वेळाने, "म्हशीचं दार पोचलं आसंल न्हवं?"

गुरुवार, १४ फेब्रु.

दुपारी हणमंता आला. सांगलीला एक वऱ्हाड सोडून वाट वाकडी करून. दार पोचले. तानपुरे पोचले, तार एकही उतरली नाही. आत्याबाईंनी शेंगा पाठवल्या.

"अण्णा म्हनलं, पोरगं लबाड न्हाई, येडं हाय. पावतीपुस्तकं छापायला जुळवून दे म्हनावं, सत्तरातलं वळतं करतो."

जुळवीन. परत गेल्यावर, रविवारी बसून. अटी छापायच्या असतील तर 'खाली' घालणार नाही, 'रिकामी' घालीन. आणि व्हॅन नीट.

तो निघाला तेव्हा फाटकापर्यंत गेलो. पाचाची नोट काढली.

"ह्ये काय?"

"इसार. आक्काला परत न्यायचे आहे."

"कवा?"

"माहीत नाही."

तो गाडीवरून हात फिरवत राहिला. "छापखाना, न्हाई नेली तर इसार बुडतो. ठावं हाय न्हवं? ह्यो शब्द तरी?"

"ठाऊक आहे."

नोट घेतली, घडी करून टोपीत खोचली. गाडीत बसला.

आक्काला सांगितले. चिडेल वाटले होते. म्हणाली, "तारीक न्हाई, काय न्हाई, आन इसार देतूस. येडाच हायस." शेंगा सोलत होतो, तिच्या हातावर दोन ठेवल्या. आज रात्रीनंतर काही खायचे नाही तिला. त्या चावत म्हणाली, "त्येला म्हनावं, खाली ये. भरून न्यायचं माजं मी बगते."

सकाळी आठला नेणार आहेत.

जमा : माझे ४५, छापखान्याची उचल ५०, दाजींचे २००. एकूण २९५.

खर्च : अण्णांना इसार २०, रोख ६०. इस्पितळ २००. चहा, दूध, खाणे ८.४०. परतीचा इसार ५. एकूण २९३.४०.

शिल्लक १.६०.

देणे : अण्णा ७०, छापखाना ५०.

परतीची गाडी : खाली येताना ६०, भरून जाताना १२०. तारीख